वळणावर अडलेली जीप

घाटात डांबर नुकतं पोचलं होतं, तेव्हाची गोष्ट. दवाखान्याची जुनी जीप ठकूबाईला बाळंतपणासाठी नेत होती. चिखल सहज पार झाला, पण कोरड्या डांबरी वळणावर जीप करकरत अडली.

"मागची चाकं आम्हाला ओढतात!" पुढची चाकं ओरडली.

"तुम्हीच उगाच पळता!" मागची म्हणाली.

जवळच्या गॅरेजातले हुसेनचाचा आले. त्यांनी दोरीने चारही चाकं मोजली. सगळी सारखीच भरली.

"कुठं अडतेस गं?"

"चिखलात नाही चाचा, वळणावर," जीप कण्हली.

चाचा हसले. "चिखलात चौघं एकत्र जुंपलेली बरी. वळणावर पुढच्यांची वाट लांब, मागच्यांची जवळची. मग एका चालीनं कशी चालतील?"

त्यांनी गिअरजवळचा छोटा दांडा ओढून पुढची चाकं इंजिनाच्या जोरापासून मोकळी केली. जीप अलगद वळली. संध्याकाळी दवाखान्यात ठकूबाईला मुलगी झाली.