देवाला परत दिलेला भंडारा

"शपथ मोडली तर पोरं खरंच दगावतात का, बाबा?"

म्हाळूबाबा दिवटीची काजळी पुसत होते. टेकडीवरच्या खंडोबाचे ते म्हातारे वाघ्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी घेतली शपथ?"

"अख्ख्या वस्तीनं!" जालिंदरचा आवाज चढला. "सरपंच आबासाहेब काल भंडारा घेऊन आले. पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून प्रत्येक घराकडून स्वतःला मत द्यायचं वचन घेतलं. चिमूटभर भंडारा दिला; ज्यानं त्यानं तो घरच्या फडक्यात पुरचुंडी करून बांधला. मतदान होईपर्यंत जपायचा म्हणे."

मतदान उद्या होतं. जालिंदरची चंदीआत्या सरपंचपदाला उभी होती. पारध्यांच्या वस्तीतून कुणी उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. गावात चोरी कुठंही झाली तरी पोलीस आधी ज्या वस्तीत येत, ती ही वस्ती. जालिंदर तिथला पहिला वकील.

"तुम्ही नवी शपथ घाला, बाबा. आत्याच्या नावानं. तुमचं ऐकतील."

बाबांनी दिवटीत तेल घातलं.

"बोलाव सगळ्यांना."

उन्हं कलताना वस्ती टेकडी चढून आली. जालिंदरला हायसं वाटलं.

बाबा म्हणाले, "ज्याला भंडारा परत द्यायचाय, त्यानं पुरचुंडी देवापुढं ठेवावी. ज्याला नाही, त्यानं नुसतं पाया पडावं. कोप झालाच, तर तो माझ्यावर."

बस्स, एवढंच. आत्याचं नावसुद्धा नाही.

"बाबा, अहो..."

"वकीलसाहेब," म्हातारा गुलचंद खेकसला, "तुला ना बायको ना पोर. तुझं काय जातंय?"

बाबा उंबऱ्याबाहेर गाभाऱ्याकडं पाठ करून बसले. दार इतकं बुटकं, की एका वेळी एकच माणूस वाकून आत जाई. चंदीआत्या आपली पुरचुंडी ठेवून आली आणि तीही बाबांशेजारी पाठ करून बसली.

जालिंदर मात्र वाकून आत बघत होता. बाबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. तोंड माळाकडं.

माणसं आत जात होती, बाहेर येत होती. कुणी रडत होतं. कुणी देवाचं नाव पुटपुटत होतं. जालिंदरनं प्रत्येक पाऊल ऐकलं, मान वळवायची मात्र सोय नव्हती.

शेवटचा माणूस टेकडी उतरला तसा तो ताडकन उठून आत शिरला. देवापुढं पुरचुंड्या पडल्या होत्या. कुणी लुगड्याचा काठ फाडून बांधली होती, कुणी झबल्याची चिंधी. वस्तीतलं फडकं न् फडकं त्याच्या ओळखीचं होतं. कुणाच्या घरातलं कुठलं, ते त्याला एका नजरेत कळलं असतं.

तो वाकला...

तेवढ्यात बाबा त्याला बाजूला सारून पुढं झाले. त्यांनी पुरचुंड्यांवर तेल ओतलं आणि पेटती दिवटी टेकवली.

भपकन जाळ झाला.

"बाबा! हे काय केलंत?" जालिंदरचे डोळे भरून आले. "रात्र हातात आहे. जे फिरले नाहीत त्यांच्या दारात गेलो असतो, पाया पडलो असतो. आता कळणार कसं, कोण आपलं आणि कोण नाही?"

बाबांनी दिवटी जागेवर ठेवली. हाताला लागलेला भंडारा झटकला.

"आबासाहेबांनाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं."