ठमीआयची पाटी

फार फार वर्षांपूर्वी, खाडीत मगरी होत्या आणि खारटेंभ्याच्या घरांवर पेंढा होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठमीआय नावाची म्हातारी होती. हाताने काटक, तोंडाने फटकळ. तिच्यासमोर कुणी "हे व्हायचं नाही" म्हटलं, की ती मातीने भरलेली पाटी त्याच्या डोक्यावर ठेवायची. "बोललास ना? आता वाहा!" पाटील असो की जावई, सुटका नाही.

गावाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि गोडं तळं, अन् मध्ये नुसता मातीचा बांध. एका वैशाखात पौर्णिमेच्या उधाणाने त्या बांधाला खांड पाडली, बैलगाडी आरपार जाईल एवढी. मग काय, दिवसातून दोनदा खारं पाणी शेतात. सरकत सरकत ते तळ्याच्या काठाला टेकलं. अमावस्येला पुन्हा उधाण येणार होतं. ते तळ्यात शिरलं की गाव उठलंच म्हणायचं, कारण प्यायला दुसरं पाणीच नव्हतं.

गडी दोन्ही टोकांकडून दगडमाती लोटत होते. पण खांड जेवढी अरुंद होई, तेवढं पाणी जोराने धावे आणि सगळं घेऊन जाई. तीनदा बुजवली, तीनदा वाहून गेली. जोमा पाटील हात टेकून म्हणाला, "आये, हे व्हायचं नाही." म्हातारीने त्याच्या डोक्यावर पाटी ठेवलीच!

"भरती तेवढी दिसते रे मेल्यांनो," ती म्हणाली. "ओहोटीपण रोज येते, ती नाही दिसत?"

दोन दिवस ती खांडीपाशी पाणी बघत बसली. मग म्हणाली, "आपण खाडीचा गळा आवळतोय, म्हणून ती लाथा झाडतेय. तिला वरून जाऊ द्या, आपण खालून येऊ." अष्टमीला भरती मरगळते, तिथून काम सुरू झालं. दर ओहोटीला तिवराच्या फांद्या, पेंढा आणि चिखल, पूर्ण रुंदीभर एकच थर. बाया-बापे तो पायांनी तुडवायचे. भरती वरून निघून जाई, थर खालीच राही. असं म्हणतात, माती कमी पडली तेव्हा खेकड्यांनी बिळं उकरून ती वर आणून दिली. असंही म्हणतात, की ठमीआयच्या एका पाटीत नऊ पाट्यांची माती मावायची.

आणि चतुर्दशीला वरचे दोन थर ढासळले. हातात एकच ओहोटी उरली. ठमीआय चिखलात मटकन बसली. तळहात सोलवटले होते, डोळ्यांपुढे तळं दिसत होतं.

"नाही गं बाई," ती पुटपुटली, "हे व्हायचं नाही."

सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा तिची सून गोमी, जिने अकरा वर्षं सासूसमोर मान वर केली नव्हती, तिने पाटी भरली आणि सासूच्या डोक्यावर ठेवली.

"बोललात ना, आत्या? आता वाहा."

ठमीआयने गोमीकडे डोळे वटारून पाहिलं. मग म्हातारीला हसू फुटलं. हसता हसता ती रडली, आणि उठून चालायला लागली. मागोमाग अख्खं गाव. असं म्हणतात, त्या दिवशी भरती घटकाभर उशिराने आली. खाडीसुद्धा बघत थांबली होती म्हणे! रात्री अमावस्या लागली, पण तिचं उधाण बांधाला घासून परत गेलं, तळ्यात खारा थेंब पडला नाही.

अजून दर वैशाखात वद्य चतुर्दशीला सगळं खारटेंभे त्या बांधावर जमतं. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस मोठ्याने म्हणतं, "हे व्हायचं नाही." लगेच गावात नवी आलेली सून त्याच्या डोक्यावर पाटी ठेवते, "बोललात ना? आता वाहा!" पाटीत माती मूठभरच असते हो. पण ते वाकलेलं माणूस ती खांडीच्या जागेवर नेऊन टाकतं, आणि गाव हसत हसत त्याच्या मागून चालतं.