देवीची लंगडी चाल

डोंगरातल्या एका लहानशा संस्थानात सादडपाडा नावाचे गाव होते. चैत्र लागला की घोंगडे महाराजांचा मुक्काम त्या गावी असे. अंगावर बारा महिने एकच काळी घोंगडी, म्हणून हे नाव. खरे नाव त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली ते बसत. महाराज गोड बोलणाऱ्या संतांपैकी नव्हते. पेढे घेऊन येणाऱ्याला ते बस म्हणत नसत, आणि रडत येणाऱ्याला लवकर उठू देत नसत. भाविकहो, त्या गावी एका चैत्रात जे घडले ते नुसत्या आनंदाने सांगण्यासारखे नाही. देवीची कृपा थोर खरी, पण ती प्रकट व्हायला आधी माणसाने किती खाली उतरावे, याला काही सुमार आहे की नाही?

सादडपाड्यात चैत्रात बोहाडा होई. देवांचे आणि दैत्यांचे लाकडी मुखवटे चढवून गावकरी सांबळ-पिपाणीवर नाचत, आणि शेवटच्या दिवशी, सूर्य डोंगराच्या वर येताना, जगदंबा निघे. तिचा मुखवटा ज्याच्या तोंडावर, तो तेवढा वेळ माणूस नव्हेच. त्याला नावाने हाक मारायची नाही. बायका त्याच्या पायांवर पाणी घालत, आणि पाटीलसुद्धा त्याच्यापुढे वाके. मुखवटा उतरला की तोच माणूस पुन्हा पाटलाच्या ओट्याखाली हात जोडून उभा.

जगदंबा नाचवण्याचा मान भोयांच्या घराण्याचा होता. त्या वेळी तो लखमा भोये याच्याकडे होता. एरवी लखमा डोंगरउतारावर नागली पिकवी, जंगलातून लाकूड आणी, आणि चार माणसांत तोंड उघडत नसे. त्याला जे बोलायचे ते तो वर्षातून एकदा पायांनी बोले.

तो नाच कोणा एकाने बसवलेला नव्हता. भोयांच्या प्रत्येक पिढीने त्यात आपले काहीतरी ठेवले होते. लखमाच्या आज्याची बायको बोहाड्याच्या आदल्या दिवशी गेली. तिला अग्नी देऊन तो नाचायला उभा राहिला आणि मारुतीच्या पारापाशी येताच क्षणभर मान खाली घालून थबकला. तेव्हापासून देवी तिथे थबकते. आणि आज्याचा बाप जाण्या भोये, त्याची गोष्ट याहून वाईट. संस्थानाच्या वाड्यासाठी साग ओढायच्या वेठीवर त्याला धाडले होते. ओंडका घसरला आणि उजव्या पायाचा चुरा झाला. धाडणारा त्या वेळचा पाटील होता. ‘पाय गेला, आता मान दुसऱ्याला,’ असे तो म्हणाला, तेव्हा जाण्या तसाच उठला, मुखवटा चढवला, आणि मोडका पाय ओढत अख्खे गाव नाचला. त्याच्या मुलाने ती लंगडी चाल तशीच उचलली, मग नातवाने, म्हणजे लखमाच्या बापाने, आणि मग लखमाने. धडधाकट पायांची माणसे, पण मुखवटा चढला की उजवा पाय ओढायचा. राजेलोकांचे पराक्रम दफ्तरात लिहिले जातात, जाण्याचे दुखणे लिहायला कोण बसले होते? ते पायात राहिले. बाहेरच्या कोणी विचारलेच तर गाव सांगे की देवीच्या पायाला महिषासुराचे शिंग लागले होते. खरे काय ते सगळ्यांना ठाऊक होते, पाटलाच्या घराला तर फारच चांगले.

त्या वर्षी नारोजी पाटलाला निरोप आला की राजेसाहेब बोहाड्याला येणार, सोबत दूरदेशीचे विद्वान पाहुणे आणणार. आपल्या देशात नाचाची किती जुनी परंपरा आहे ते पाहुण्यांना दाखवायचे होते. नारोजीचा आनंद गगनात मावेना. त्याने ओटा सारवून घेतला, फेटा रंगवून घेतला आणि जगदंबा निघायच्या आदल्या दिवशी लखमाला बोलावणे धाडले. ओट्यावर चार प्रतिष्ठित बसले होते.

“लखम्या,” पाटील म्हणाला, “जगभरचे नाच बघितलेली माणसं येतायत. आपली देवी त्यांच्यापुढं लंगडत येणार होय? यंदा सरळ पायांनी नाचायचं.”

लखमा म्हणाला, “आज्यापंज्यांनी ठेवलंय ते, पाटील. माझ्यानं नाय काढवायचं.”

“तुझ्या पंज्याला धड चालता येत नव्हतं, म्हणून देवीनं पांगळं व्हायचं?”

ओट्यावरचे प्रतिष्ठित हसले. त्यांतल्या एकाचा आजा त्याच वेठीवर होता, तोही हसला. त्या हसण्याने लखमाच्या अंगाची लाही लाही झाली. पण गरिबाचा राग त्याच्याच पोटात कढतो. तो वळला. मागून पाटलाने ऐकवले, “आणि तुझ्या त्या घोंगडीवाल्याला विचार, देवीचा पाय बरा करायचं औषध आहे का त्याच्याकडं!”

लखमा थेट मोहाखाली गेला. सगळे ऐकून महाराजांनी विचारले, “तुला काय पाहिजे? मान पाहिजे, की चाल राहायला पाहिजे?”

“दोन्ही, बाबा,” लखमा म्हणाला. संतापुढे खोटे कसे बोलणार?

“दोन्ही मिळतील असं मी सांगत नाही,” महाराज म्हणाले. “चाल पाटलाची नाही, तुझीही नाही. जिची आहे ती तिचं बघून घेईल. तू उद्या सकाळी मुखवटा घ्यायला जा.”

सकाळी फटफटताच लखमा आंघोळ करून पाटलाच्या वाड्यात गेला, कारण मुखवटे तिथल्या माजघरात खुंट्यांवर असत. पाटील अगदी गोडीत बोलला. मुखवटा यंदा कोठीच्या खोलीत ठेवलाय, आत जाऊन घे, म्हणाला. लखमा भाताच्या कोठीत शिरला आणि मागे दार लागले. कडी पडली, कुलूप लागले. बाहेरून पाटील म्हणाला, “आज सखाजी नाचेल. पाहुणे गेले की तुला सोडतो.” सखाजी हा त्याचा पुतण्या. महिनाभर त्याला सरळ पायांची देवी शिकवली होती, हेही पाटलाने दाराआडूनच ऐकवले.

त्याने दार ठोकले, हाका मारल्या. कोठीला खिडकी नव्हती. थोड्या वेळाने तो भाताच्या कणगीला टेकून बसला आणि कान देऊन ऐकू लागला. दुसरे करण्यासारखे होते काय?

बोहाड्यात सांबळ नाचणाऱ्याच्या पायांमागून चालतो. पाय जसा पडेल तसा वाजवणाऱ्याने हात टाकायचा. त्यामुळे जाणत्याला डोळे मिटूनही नाच कळतो. सांबळ सुरू झाला. देवी वाड्यातून निघाली. लखमा वाट पाहत होता ती सरळ, कोरड्या ठेक्याची. आता पोर चुकेल, मग लोकांना भोयांची किंमत कळेल, असे त्याच्या मनात आले.

पण ठेका सरळ नव्हता. एक पाय ठणकून पडला, आणि दुसऱ्यासाठी सांबळ थांबला. पाय ओढत आला, जमिनीला लागला, मग टिपरू पडले. तीच चाल. लखमा ताडकन उठला. ती चाल सखाजीला कोणी शिकवली? भोयांच्या घराबाहेर ती गेली नव्हती. मारुतीच्या पाराजवळ सांबळ क्षणभर गप्प झाला, बरोबर जिथे व्हायचा तिथे. आणि लखमाला कबूल करावेच लागले की आपण कधी इतके चांगले नाचलो नव्हतो. आपल्या बापाचाही पाय असा पडत नव्हता. त्या ओढलेल्या पायात दुखणे होते, खरेखुरे, हाडातले दुखणे.

भाविकहो, त्याला भक्तीचे रडू फुटले असे सांगितले तर ऐकायला बरे वाटेल. तसे झाले नाही. त्याला मत्सराने रडू फुटले. मान गेला होता, आता चालही चोरीला गेली होती, आणि चोर आपल्यापेक्षा सरस निघाला होता! त्याने दारावर डोके आपटले आणि बाहेर नाचणाऱ्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. तुझं तंगडं मोडो, म्हणाला. तुझं निसंतान होवो, म्हणाला. बाहेर बायका ओवाळत होत्या, पिपाणी शिगेला पोचली होती, आणि आत तिचा भक्त तिला शिव्याशाप देत होता.

नाच संपला. पाहुण्यांपैकी एकाने म्हणे विचारले की नाचणाऱ्याच्या पायात काटा गेला होता काय. राजेसाहेबांनी मात्र परंपरा राखल्याबद्दल नारोजी पाटलाच्या खांद्यावर शेला घातला. तो शेला घेऊनच पाटील दातओठ खात माजघरात शिरला. लखम्या कसा सुटला हे त्याला कळत नव्हते. लंगडणारी देवी दारात आली तेव्हा राजेसाहेबांसमोर, रीतीप्रमाणे, त्यालाही तिच्या पायांवर डोके ठेवावे लागले होते. लखम्याच्या पायांवर! त्याचा वचपा आता काढायचा होता.

माजघरात लखमा नव्हता. मुखवटा खुंटीवर होता, त्यावरच्या हारातून पाणी ठिबकत होते. कोपऱ्यात सखाजी गुडघ्यांत तोंड घालून बसला होता. पाटलाने त्याला गदागदा हलवले.

“मी हात लावला आणि हातातलं बळच गेलं, काका,” तो म्हणाला. “मग मुखवटा आपसूक खाली आला. देवीचं लुगडं उभं राहिलं. आत कोणी नव्हतं हो. मी समोर होतो. आत कोणीच नव्हतं.”

पाटील कोठीकडे धावला. दारासमोर महाराज बसले होते, पाठ दाराला टेकलेली. कुलूप जसेच्या तसे होते आणि किल्ली पाटलाच्या कमरेला होती. महाराज बाजूला झाले. पाटलाने कुलूप काढले. दार उघडले. आत लखमा भुईवर बसला होता, कपाळावर रक्त, डोळे सुजलेले. एव्हाना मागे सगळे गाव लोटले होते.

“तू इथंच होतास?” पाटलाने कसेबसे विचारले.

“तुम्हीच कोंडलंत की,” लखमा म्हणाला.

“मग कोण नाचलं?”

महाराज म्हणाले, “जिच्या पायाची तुम्हांला लाज वाटत होती, ती. पाटील, ती चाल ती कुठं शिकली ते ठाऊक आहे? जाण्या भोये मोडका पाय घेऊन तिच्यासाठी नाचला, तेव्हा तिनं त्याचं दुखणं आपल्या पायात घेतलं. तुमच्या घरानं दिलेलं दुखणं. ती त्याच पायानं चालते आता. तुम्ही ते काढायला निघालात!”

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी घोंगडी आवरून पाय मागे घेतले. ते लखमाकडे बघत होते, कारण लखमाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“म्हणजे ती आली होती,” लखमा हळूहळू म्हणाला. “गावानं बघितली. पाटलांनी पाय धरले. सखाजीनंबी बघितली. जन्मभर तिला नाचवली मी, आणि मलाच ती दिसली नाय. भाताच्या पोत्यांत बसवून ठेवलं मला, आणि ती येऊन गेली. आणि मी तिला शिव्या दिल्या, बाबा. तंगडं मोडो म्हटलं. त्या पायाला!”

महाराज कोठीत आले आणि त्याच्या शेजारी भुईवर बसले. असे ते कोणाजवळ बसत नसत.

“ऐकल्या मी तुझ्या शिव्या,” महाराज म्हणाले. “सांबळ सुरू झाला तेव्हापासून दाराच्या त्या बाजूला बसलो होतो. मीही तिला पाहिली नाही, लखमा.”

“तुम्ही कशाला राहिलात?”

“तू आत होतास म्हणून.”

लखमाने तोंड झाकून घेतले. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, उपदेश केला नाही. ज्यांचा सारा जन्म त्या एका दर्शनासाठी होता, त्या महाराजांनी ते दर्शन एका कोंडलेल्या माणसासाठी, त्याच्या दाराबाहेर बसून, सोडून दिले होते. धन्य ते महाराज! पण लखमाचे जे गेले ते गेलेच, हे त्यांनाही कळत होते.

नारोजी पाटील दारात उभा होता. आपल्या हातून काय झाले ते त्याला आता पुरते उमगले. त्याने खांद्यावरचा शेला काढून लखमापुढे धरला. लखमाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शेला भाताच्या भुश्यात पडला. मग पाटील, ज्याच्या ओट्यापुढे अख्खे गाव वाके तो पाटील, सगळ्या गावादेखत गुडघ्यांवर आला आणि त्याने लखमाच्या पायांकडे हात नेले.

“पाटील,” लखमा म्हणाला, “मुखवटा नाय माझ्या तोंडावर. बघून घ्या.”

“बघितलं,” पाटील म्हणाला आणि त्याने लखमाच्या उजव्या पायावर कपाळ टेकले.

लखमाने आशीर्वाद दिला नाही. पाय मात्र मागे घेतला नाही.