दुखवट्याच्या घरातून

“मग माझ्याच वाट्याला हे का यावं, अप्पा?”

शिवलिंगअप्पांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर ते बेल निवडत बसले होते. तिन्ही पानं धड असली की परातीत, किडकं-फाटकं असलं की खाली.

रेवणसिद्ध समोर बसून होता. छातीवरचे टाके अजून ओढत होते. मठाच्या पायऱ्या चढतानाच त्याला दोनदा थांबावं लागलं होतं.

अप्पा एके काळचे विमा एजंट. अख्ख्या भीमाकाठानं त्यांच्याच हातून विमा उतरवलेला. रेवण त्यांची पिशवी धरून गावोगाव हिंडला, तिथंच धंदा शिकला. पुढं अप्पांनी सगळं त्याच्या हवाली केलं आणि ते मठात येऊन राहिले. रेवणनं ते वाढवलं. नोकरी धरली नाही की एका कंपनीला बांधून घेतलं नाही. सहा कंपन्यांचं काम, आणि पाटी स्वतःच्या नावाची. सोलापुरात काचेचं ऑफिस, चौदा माणसं, नऊ हजार गिऱ्हाइकं.

गेल्या महिन्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस तो दवाखान्यात पडून दाराकडं बघत होता. बायको यायची, मुलगा यायचा, डॉक्टर यायचे. बाकी कुणी नाही.

“नवव्या दिवशी मोबाइल वाजला,” रेवण म्हणाला. “म्हटलं, चला, कुणीतरी आठवण काढली. बघतो तर माझ्याच ऑफिसचा मेसेज. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपला विश्वासू, रेवणसिद्ध बिराजदार.”

अप्पा हसले. चांगले खांदे हलेपर्यंत हसले.

“हसा तुम्ही.”

“नाही रे... एकाला तरी आठवण होती म्हणायची.”

हे ऐकायला रेवण सत्तर किलोमीटर आला नव्हता. त्याला एकच पाहिजे होतं. कुठल्यातरी घरात आपली कुणी वाट बघावी. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानं हे मोठ्यानं कसं बोलावं...

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला.

“जीव हाय का गेला, अप्पा?”

डोईवर पदर घेतलेली एक म्हातारी डबा घेऊन वर आली. निलव्वा तिचं नाव. पलीकडच्या गावची.

“बघ की. बोलतोय.”

“संक्रांतीला आला न्हाईत. शेंगापोळ्या झाकून ठिवल्या मी. तिसऱ्या दिवशी म्हशीला घातल्या.”

“गुडघा धरला होता गं.”

“गुडघा धरला म्हणं. सून इचारती, अप्पा रुसले का काय. नातू रोज फाट्यावर जाऊन एस्टी बघून येतो. न्हाई यायचं तर सांगावा तरी धाडावा माणसानं.”

ती बराच वेळ बोलत राहिली. अप्पा मान खाली घालून ऐकत होते, चूक झालेल्या पोरासारखे. रेवणला त्या बोलण्याचा हेवा वाटला. आपल्याला असं शेवटचं कोण बोललं होतं, ते त्याला आठवेना.

मग तिचं लक्ष त्याच्याकडं गेलं.

“ह्यो कोण?”

“रेवण. माझ्याबरोबर यायचा. तुझे मालक विहिरीत गेले, तेव्हा तुझ्या घरी आला होता.”

निलव्वानं डोळ्यांवर हाताची सावली धरून बघितलं.

“दाराशी पिशवी घिऊन हुबा होता, त्यो?”

“तोच.”

“मग इतकी वर्सं कुटं हुतास, बाबा?”

रेवणनं तोंड उघडलं. तिच्या विम्याच्या दाव्याचे कागद त्यानंच भरले होते, स्वतःच्या अक्षरात. एकही खोट निघाली नव्हती. हे सांगता आलं असतं.

त्यानं सांगितलं नाही.

निलव्वा डबा ठेवून, अप्पांना आणखी दोन शब्द सुनावून पायऱ्या उतरली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघंही तिकडंच बघत राहिले.

“अप्पा, त्या दिवशी तिच्या घरातून निघताना तुम्ही उंबऱ्यात थांबून ‘येतो’ म्हणालात.”

“म्हणालो.”

“दुखवट्याच्या घरातून कुणी ‘येतो’ म्हणत नाही. गप उठायचं, मान खाली घालायची आणि निघायचं. तिचा दीर तुमच्या अंगावर धावून आला होता. मला इतकी लाज वाटली, की घरापर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही.”

“बरं वाटलं होतं मला. फार बडबडायचास तू.”

“मी सहाशे दावे पोचवले. सहाशे घरांतून गप उठलो. एकदाही रीत मोडली नाही.”

“रीत चांगलीच आहे.”

“मग तुम्ही का मोडलीत?”

अप्पांनी बेलाचं एक पान उलटसुलट करून बघितलं.

“मी आळशी माणूस. तोंडातून ‘येतो’ गेलं की परत जावं लागतं...”

वारा सुटला. खालची फाटकी पानं अंगणभर झाली.

रेवण सावरून बसला. त्याच्या डोक्यात धंद्याचं चाक फिरायला लागलं.

“कळलं, अप्पा. सोमवारीच दोन माणसं नेमतो. दावे झालेल्या घरांची यादी काढून देतो. महिन्याला एकदा तरी प्रत्येक घरी जाऊन येतील.”

“नेम की.”

“म्हणजे जमेल?”

“जमेल. लोक त्या दोघांची वाट बघतील.”

रेवणचा उचललेला हात तसाच राहिला.

मठात कुणीतरी घंटा वाजवली आणि तिचा नाद हळूहळू विरत गेला.

“मीच जाऊ म्हणता?” रेवणनं विचारलं. “कुठल्या तोंडानं जाऊ? कामं संपली ती. वीस-वीस वर्षं झाली काही घरांना. दारात उभा राहिलो की विचारतील, काय काम काढलंत साहेब? त्यांना द्यायला माझ्याकडं आता काही नाही, अप्पा. काय सांगू मी?”

अप्पांनी परात बाजूला सरकवली. पहिल्यांदाच त्यांनी रेवणकडं नीट बघितलं.

“काही सांगू नको. पाणी माग.”