जाखाई बाहेर का बसते

केळशिंगीला येणारे पाहुणे पायताण काढून थेट गाभाऱ्यात शिरतात आणि गोंधळतात. तिथे देवी नसते, लोखंडी खाट असते, खाटेवर बहुधा कुणीतरी कण्हत असतं आणि सरकारी नर्सबाई पाहुण्यांना बाहेर पिटाळते. जाखाई समोरच्या चिंचेखाली उघड्यावर बसलेली आहे. त्याची हकिकत जुनी माणसं अशी सांगतात.

संस्थानचा काळ. ऐन आषाढात गावात पटकी शिरली. घरं गळत होती, आजारी माणसं ओलीत पडलेली, आणि कोरडं छप्पर गावात एकच, देवळाचं. मामलेदार विसाजीपंत औषधं घेऊन आले तेव्हा देऊळ ताब्यात घ्यायचा हुकूम त्यांच्या खिशातच होता. पण माणूस जाणता. रवळू गुरवाला ते म्हणाले, "कुलूप मी तोडलं तर भीतीनं एकही आजारी आत यायचा नाही. तूच तिला विचार."

रवळूने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावून कौल मागितला. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दिवस कलला तरी एकही फूल हललं नाही. कौलाशिवाय मूर्ती हलवली तर गुरवाचं घर बुडतं, असं त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. शेवटी त्याने हात जोडले. "आई, चुकलो आसंन तर माझ्या घरावर घे. गावाला सोड."

चौघांना न हलणारी मूर्ती त्याला एकट्याला म्हणे रिकाम्या सुपाएवढी हलकी लागली. तिला चिंचेखाली बसवून त्याने किल्ली मामलेदारांच्या हाती दिली.

ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, तेही त्या दिवसांत गाभाऱ्यात निजले. रवळूची बायको येसू सगळ्यांना पेज पाजायची, त्यांचं घाण-पाणी काढायची. गाव हळूहळू उठून बसलं. येसू मात्र नवव्या दिवशी त्याच दुखण्याने गेली.

देवीनं घेतलंच शेवटी, असं लोक बोलू लागले. साथ सरल्यावर देऊळ धुऊन देवीला आत न्यायचं ठरलं आणि मामलेदार स्वतः किल्ली परत द्यायला आले. रवळूने हात पुढे केला नाही.

"आईनं माझं घर घेतलं, त्याची तक्रार न्हाई," तो म्हणाला. "पर आता ती आत गेली आन् उद्याचे आजारी पुन्हा भाईर पडले, तर माझी येसू मेली कशापायी?"

मामलेदार आल्या पावली परत फिरले. किल्ली कचेरीतच राहिली.

आजही येसूच्या तिथीला गावचा गुरव उंबऱ्याबाहेर उभा राहून नर्सबाईला विचारतो, "बाई, जाखाईला आत आणू का?" खाट रिकामी असली तरी बाई सांगते, "जागा नाही, गुरवकाका." मग तो मागे वळतो आणि चिंचेखाली आरती सुरू होते.