अडीनडीचा घास

त्या राज्यातले तेलाचे सगळे घाणे एकाच दिवशी बंद झाले. तेलाला आता पूर्वीसारखी मागणी राहिली नाही, असं वेशीवर सांगण्यात आलं, आणि घाण्याच्या बैलांनी आपापलं जू उतरवून घरी जावं, असंही. त्या राज्यात जनावरंच राबत आणि जनावरंच हुकूम सोडत. हुकूम सोडणारी टेकडीवर राहत, आणि खालच्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खालून दिसायचे ते फक्त टेकडीवरचे दिवे. घाणे बंद झाले तरी ते दिवे रोज तिन्हीसांजेला लागत राहिले. जुना साठा असेल, असं सगळे म्हणाले.

घाबरून जावं असंही काही नव्हतं. घाण्याच्या बैलांची एक जुनी रीत होती. दुपारी जू उतरलं की पेंडीचं टोपलं पुढे येई. त्यातला पहिला घास गिळायचा नाही. तो तोंडात धरून दाराशी जायचं, तिथल्या करंडीत टाकायचा आणि मग परत येऊन खायला लागायचं. ह्याला अडीनडीचा घास म्हणत. करंड्या भरल्या की गावाबाहेरच्या गोल कोठारात जात. ज्याचं काम सुटेल त्याला नवं काम लागेपर्यंत ह्या कोठारातून पेंड मिळेल, असा शब्द होता, आणि शब्द टेकडीवरून आलेला होता.

कोसा नावाच्या बैलाने चौदा वर्षं हा घास दिला होता. पोटात कावळे ओरडत असताना तोंडातला घास काढून ठेवणं सोपं नसतं बरं. ज्याला वाटतं त्याने एकदा करून बघावं. कोसाने एक दिवस चुकवला नाही. तापात होता तेव्हासुद्धा त्याने तो घास दुसऱ्याबरोबर पाठवला.

घरी त्याची थोरली बहीण होती, भिंगरी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. तो तिला अक्का म्हणे. अक्काचे दात पडून तीन वर्षं झाली होती. कडबा तिला चावत नसे, आणि हिरवं गवत त्या दिवसांत कुठेच नव्हतं. पाण्यात भिजवून मऊ केलेली पेंड तेवढी तिला जाई. त्यावरच ती उभी होती. कोसाला स्वतःची काळजी नव्हती. तो वाळल्या काटक्या खाऊनही उन्हाळा काढणाऱ्यांतला. पण घरच्या माठात महिनाभराचीच पेंड उरली होती. तेवढ्यात कोठाराचं काम होऊन जाईल, असं त्याने अक्काला सांगितलं आणि तो निघाला.

कोठाराच्या खिडकीत एक शेळी बसत असे. शेळी स्वभावाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. अर्ज पळसाच्या पानावर करायचा आणि पान हिरवं असलं पाहिजे, एवढाच तिचा नियम होता. कोसाने पान आणलं. रांगेत पाच दिवस गेले. खिडकीशी पोचला तेव्हा पान वाळून पापड झालं होतं. शेळीने ते नुसतं हुंगलं आणि बाजूला सारलं. त्याने दुसरं आणलं. एव्हाना रांग आणखी लांबली होती, तेही वाळलं.

तेव्हा रांगेत पुढे उभा असलेला भरमा नावाचा रेडा मागे वळला. भरमा पूर्वी पखालीवर होता, पाणी वाहायचा. त्याचं काम सुटून सात महिने झाले होते आणि ह्या दाराच्या खाचाखोचा त्याला पाठ होत्या. पान तोंडात धरायचं, म्हणजे ओलं राहतं. फक्त चावायचं नाही, असं त्याने सांगितलं. तोंडातलं न गिळता धरायची सवय कोसाला चौदा वर्षांची होतीच. तिसऱ्या खेपेला त्याचं पान हिरवंगार पोचलं.

मग शेळीने खुराचा ठसा मागितला. कोसा पहिल्यांदा घाण्याला जुंपला गेला त्या दिवशीचा त्याचा ठसा कोठारात मातीच्या विटेवर होता. तिने वीट काढली, कोसाने ओल्या मातीवर पाय दिला. दोन्ही ठसे शेजारी ठेवून शेळी बराच वेळ पाहत राहिली. चौदा वर्षं एकाच अंगाला वळून वळून कोसाचे खूर एका बाजूने पार झिजले होते.

"हा ठसा कोसाचा नाही," शेळी म्हणाली.

"बाई, पाय माझाच आहे."

"पाय तुमचा असेल. त्याबद्दल मी कुठे काही म्हणते? ठसा कोसाचा नाही."

खूर पुन्हा भरून यायला सहा महिने लागतील, तोवर थांबा, असा तिने सल्ला दिला. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं लोक थट्टेने म्हणतात. कोसाला ते मोजून मापून मिळालं. तो म्हणाला, सहा महिने माझी अक्का थांबणार नाही. शेळीला खरोखर वाईट वाटलं. तिने आत जाऊन विचारलं आणि वाट काढली: तपासणीचा बगळा घरी येऊन पाहून जाईल. अर्जदार खरंच रिकामा आहे असं त्याने सांगितलं की ठशाचं पुढे बघता येईल.

बगळा आला तो पहाटे, न सांगता. कुंपणावर एका पायावर उभा राहिला. त्याने काही विचारलं नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. आणि इथे कोसाच्या हातून ती चूक झाली, जी घाण्याच्या बैलाशिवाय दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. पहाटे उठला की पुरती जाग येण्याआधीच तो अंगणातल्या खुंट्याभोवती फिरू लागे. मान खाली, पावलं सारखी, एकाच अंगाला. काम सुटल्यापासून रोज तो असा फिरत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. अंगणात गोल वाट पडली होती. अक्का ते बघायची, पण बिचाऱ्याला काय सांगायचं म्हणून गप्प राहायची. बगळ्याने तीन सकाळी ते पाहिलं आणि चौथ्या सकाळी तो उडून गेला.

खिडकीवर कोसाला कळलं की त्याच्या पानावर शेरा आला आहे: अर्जदार कामावर आहे.

"कुठल्या कामावर? घाणे बंद आहेत ना?"

"घाण्यातलं मला काही कळत नाही," शेळी म्हणाली. "बगळ्याला तुम्ही चालताना दिसलात."

कोसाला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. शिंगं खिडकीच्या चौकटीला लावून तो उभा राहिला. शेळी दोन पावलं मागे सरली. मग त्याला अक्का आठवली, माठ आठवला, आणि त्याने मान खाली घेतली. आता पुढे काय करायचं, एवढंच विचारलं.

पुढे हजेरी होती. ज्यांच्याबद्दल असा शेरा आलेला असे, त्यांनी रोज दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कोठाराभोवती फेऱ्या घालायच्या. जो दिवसभर इथे फिरतो आहे तो दुसरीकडे कामाला असूच शकत नाही, हे आपोआप सिद्ध होतं. फेरीत खिडकीवरून जाताना दुसऱ्याचा अर्ज दिसू नये म्हणून डोळ्यांना झापडं बांधत. रांग विसकटू नये म्हणून खांद्यावर एक आडवा दांडा देत, आणि तो दोरांनी कोठाराच्या भिंतीत सभोवार पाडलेल्या खाचेतून आत अडकवलेला असे. खांद्याला थोडा ताण बसेल, असं शेळीने आधीच सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर कोसाला बरं वाटलं. लाज वाटण्याइतकं बरं वाटलं. खांद्याला ओळखीचं वजन लागलं, डोळ्यांपुढे ओळखीचा काळोख आला. थोड्याच वेळात त्याला लाकडावर लाकूड घासल्याची कुरकुर ऐकू यायला लागली. चौदा वर्षं ती कानात होती, अशी थोडीच जाणार, असं तो मनाशी म्हणाला. त्या दिवसापासून अंगणातलं त्याचं फिरणं थांबलं आणि त्याला गाढ झोप लागू लागली.

महिना संपला. माठ खरवडून झाला. कोसा संध्याकाळी घरी येऊन कडबा चावे, चावून चावून त्याचा लगदा करी आणि तो अक्कापुढे ठेवी. अक्का तो नाइलाजाने गिळे. लहानपणी मी तुला असं भरवलंय, फिटलं बघ, असं म्हणून ती हसे. पण चावलेला कडबा तो शेवटी कडबाच. त्यात कस नव्हता. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. ती तासन्‌तास बसून राहू लागली, आणि गुरं म्हाताऱ्या जनावराच्या बसण्याला किती भितात हे वेगळं सांगायला नको. तीन दिवस बसलेलं पुन्हा उठत नाही, असं त्या मुलखात म्हणत.

फेरीत भरमा कोसाच्या पुढे असे. दोघं फारसं बोलत नसत. झापडं लावून बोलायला सुचत नाही. आपलं पान आता वरच्या फळीवर गेलं आहे, असं भरमाने एकदा सांगितलं होतं. वरच्या फळीवर म्हणजे काम होत आलं. एका भर दुपारी त्याची पावलं अडखळली आणि तो खाली बसला, मग आडवा झाला. दांडा थांबला. मागचे सगळे थांबले.

आणि कोसाच्या कानातली कुरकुर थांबली.

चार श्वास जातील एवढा वेळ सगळं शांत होतं. इतकं शांत त्याने चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. मग खिडकीतून शेळीचा आवाज आला. फेरी मोडू नका, आजची हजेरी लागायची नाही, असं ती काकुळतीला येऊन सांगत होती. कोणीतरी भरमाला ओढून बाजूला केलं. कोसाने खांदा दिला, दांडा हलला, आणि कुरकुर पुन्हा सुरू झाली. त्याने कान टवकारले. पण घरी अक्का सकाळी उठली नव्हती, आणि हजेरी बुडवून चालणार नव्हतं. तो चालत राहिला.

अक्का दुसऱ्या दिवशीही उठली नाही. तिसऱ्या दिवशी मावळतीला झापडं सुटताच कोसा सरळ खिडकीशी गेला. रांगेतल्यांनी त्याला अडवलं नाही.

"बाई, माझी बहीण तीन दिवस बसलेली आहे," तो म्हणाला. "मला चौदा वर्षांचं काही नको. एका दिवसाचा घास द्या. मी दिलेल्यातला एक."

शेळीने इकडे तिकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि पळसाच्या पानात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. हे मी लिहीत नाही, तुम्हीही कुठे बोलू नका, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. म्हटलं ना, स्वभावाने ती वाईट नव्हती.

कोसाने पुडी तोंडात धरली आणि तो घराकडे वळला. घर जवळच होतं. दहा पावलं गेला असेल नसेल, त्याच्या जिभेला चटका बसला. पुडी गरम होती. पानातून तेल पाझरून त्याच्या दाढेखाली उतरत होतं. कोठारातली पेंड वर्षानुवर्षांची. ती दगडासारखी असते, फोडून भिजवावी लागते. घाण्यातून निघालेली पेंड मात्र तासाभरात निवते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो वाटेत थांबला. समोर टेकडीवर दिवे लागत होते. एकेक करत सगळे लागले, आणि गेल्या वर्षीपेक्षा ते जास्त होते.

तो तिथे फार वेळ थांबला नाही, कारण घास निवण्याआधी पोचायला हवा होता.

अक्का होती तशीच बसलेली होती. त्याने पान तिच्यापुढे ठेवून उलगडलं. भिजवायची गरजच नव्हती. वास येताच तिने मान उचलली, तीन दिवसांत पहिल्यांदा. एकदा चाटलं, दुसऱ्यांदा चाटलं, मग सगळं पान पुसून घेतलं. पुढचे पाय रेटून ती अर्धी उठली, धडपडली, आणि थरथरत का होईना, उभी राहिली. तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताजी आहे रे ही," ती म्हणाली. "अजून गरम आहे. म्हणजे घाणा सुरू झाला! कोशा, तुला काम लागलं?"

कोसाने तिच्याकडे पाहिलं. तिच्यामागे कुंपणावर बगळा एका पायावर उभा होता. तो कधी येऊन बसला ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"सांग की रे," अक्का आनंदाने पुन्हा म्हणाली. "लागलं ना काम?"

बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला आणि ऐकण्यासाठी मान वाकडी केली. कोसाच्या तोंडात पुडीतून निसटलेला पेंडीचा एक तुकडा राहिला होता. तो त्याने गिळला नाही आणि बाहेरही टाकला नाही.