फुगलेले गाल

एकदा एक वृद्ध पेंटरकाका आपल्या शिष्येला गाण्याच्या अल्बमची मुखपृष्ठे करायला शिकवत होते. चाळीस वर्षे ब्रशने बोर्ड रंगवलेला हा माणूस साठीनंतर संगणकापुढे बसला आणि त्यातही पारंगत झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी वैदेहीला एक नियम घालून दिला होता. "मूळ फोटो संगणकातल्या चित्राच्या सर्वांत खालच्या थरात, म्हणजे लेअरमध्ये, ठेवायचा. कारागिरी करायची ती वरच्या थरांवर. खालच्याला हात लावायचा नाही." वैदेहीने नियम पाळला, त्याचे कारण मात्र विचारले नाही. आपण तरी कुठे विचारतो म्हणा!

तिला पहिलेच स्वतंत्र काम मिळाले ते रामजीअण्णा गुरवांच्या सनईच्या अल्बमचे. अण्णांनी पन्नास वर्षे देवळात आणि लग्नमांडवांत सनई वाजवली. मांडवात सनईवाल्याकडे बघतो कोण? साऱ्यांच्या नजरा नवरानवरीवर. आता त्यांची छाती अधू झाली होती आणि डॉक्टरांनी वाजवणे बंद करायला सांगितले होते. हा त्यांचा पहिला अल्बम, आणि शेवटचाही. मुखपृष्ठासाठी त्यांचा सनई वाजवतानाचा फोटो निवडला होता.

वैदेहीने जीव ओतून काम केले. फुगलेले गाल आत घेतले, मानेवरच्या तटतटलेल्या शिरा पुसल्या, मागे सोनेरी उजेड सोडला. अण्णा अगदी रुबाबदार दिसू लागले. छपाईपूर्वी दाखवावे म्हणून काकांनी अण्णांना आणि त्यांच्या पत्नीला, शेवंताबाईंना, बोलावून घेतले.

"झ्याक झालंय की," अण्णा भिडेखातर म्हणाले.

शेवंताबाई मात्र पडद्याकडे बघतच राहिल्या. "पोरी, राग मानू नगंस. पर ह्यो बाबा सनई धरून नुस्ता हुबा हाय. वाजवतोय कुठं?"

वैदेहीचा चेहरा पडला. काका तिच्यावर रागावले नाहीत. अण्णांनी सवयीने बरोबर आणलेली सनई त्यांनी मागून घेतली, तिच्या तोंडाशी फुंकायची नवी पत्ती लावून घेतली आणि ती वैदेहीच्या हातात ठेवली.

"वाजव. पण गाल फुगवायचे नाहीत."

"अहो काका, मला कुठे येतेय!"

"तू फुंक तर."

गाल आत ओढून तिने फुंकले. नुसती फुसफुस झाली. पुन्हा फुंकले, पुन्हा तेच. शेवटी हट्टाला पेटून तिने गाल टम्म फुगवले, डोळे गच्च मिटले, आणि सनईतून एक बेसूर किंकाळी निघाली. शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात काकांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

"बघ, कसे फुगलेत गाल! फोटोतून पुसून टाकू?"

"नको!" वैदेही पटकन बोलून गेली. "एवढ्या कष्टाने तर आवाज निघाला..." आणि तिची नजर पडद्यावरच्या अण्णांकडे गेली.

अण्णा हळूच म्हणाले, "गालातच हवा साठवायची असती, पोरी. नाकानं श्वास घेईस्तोवर तीच सनईला पुरती. गाल म्हंजे आमची कणगी. छातीनं दगा दिला, ह्यांनी न्हाई दिला."

वैदेहीचे डोळे भरून आले. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, तू केलेस ते प्रेमानेच केलेस. परंतु सुंदर करण्याच्या नादात आपण माणसाचे कष्टच पुसून टाकतो, आणि त्याची कला तर त्या कष्टांतच असते. माझ्याही हातून असे पुष्कळदा झाले आहे. म्हणून तर खालचा थर राखायला सांगतो. चुकले, तर परत जायला जागा राहते."

तिने एकेक थर बंद केला. सोनेरी उजेड गेला, शिरा परतल्या, गाल फुगले. फोटोखाली तिने फक्त अण्णांचे नाव लिहिले.

"हां! ह्ये आमचं मालक," शेवंताबाई म्हणाल्या. "आता वाजतंय बघा."

अण्णा पुढे वाकून पडद्यावरच्या स्वतःकडे पाहू लागले. मग उपरण्याने डोळे टिपत म्हणाले, "पन्नास वर्षं लोकांनी माझ्याकडं पाठ करून ऐकलं. आता तोंड बघून ऐकतील."